चार किलो जास्तीचे शिसे

स्कूबा डायव्हिंगसाठी गोव्यातल्या बायण्याहून ग्रँड आयलंड या बेटाकडे निघालेल्या होडीत भाचीने विचारले, "मामा, पाठीवर हवा, अंगात तरंगणारा सूट आणि कमरेला शिसे. आपल्याला नक्की बुडायचंय की तरंगायचंय?" मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर समोरच्या फळीवर बसलेल्या एका काकांनी निकाल देऊन टाकला, "दोन वजनं जास्तच लाव गं पोरी, झटकन खाली जाशील."

हा लेख त्या काकांसाठी आहे. पण आधी भाचीचे उत्तर देतो. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांचे शरीर समुद्रात तरंगते. सूट निओप्रीनचा, म्हणजे बारीक बुडबुडे कोंडलेल्या रबराचा. तो तर बुडायलाच तयार नसतो. ही वरची ओढ मोडायला वजन हवे आणि तेही जागा न अडवणारे, कारण जेवढी जागा अडेल तेवढे पाणी उलट वर ढकलणार. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड. चार किलो शिसे जेमतेम 350 मिलिलिटर पाणी बाजूला सारते. रापणीच्या जाळ्याची खालची दोरी शिशाने जड करतात ती याच हिशेबाने. गोव्याचे पाणी कोमट असल्यामुळे पातळ सूट पुरतो आणि शिसेही कमी लागते. मात्र तलावात शिकलात तेवढेच वजन समुद्रात पुरत नाही. खारे पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असते. सगळ्या सामानासह तुम्ही 100 किलोचे असाल तर अडीच किलोचा फरक पडतो.

आता काकांचा सल्ला. समजा, बरोबर वजन लावलेल्या माणसाने वर दोन-दोन किलोची दोन वजने, म्हणजे चार किलो जास्तीचे चढवले. तो झटकन खाली जाईल, हे खरे. पण 10 मीटरवर पोचल्यावर त्याला तिथे थांबायचे आहे, तळाला जाऊन आपटायचे नाही. मग तो बीसीडीत, म्हणजे हवा भरता-सोडता येणाऱ्या त्या जॅकेटात, हवा भरतो. चार किलो शिशाच्या बदल्यात साधारण साडेतीन लिटर हवा जास्तीची भरावी लागते. वरवर पाहता जमाखर्च जुळला. पण शिसे दाबाने आकसत नाही, हवा आकसते, आणि सगळी गोम इथेच आहे.

पृष्ठभागावर दाब एक वातावरण, 10 मीटरवर दोन. बॉइलचा नियम शाळेत झालेला आहे: तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान कायम राहते. आता हा माणूस नकळत दोन मीटर वर सरकला. दाब 2 वरून 1.8 झाला आणि 3.55 लिटर हवेची 3.94 लिटर झाली. म्हणजे सुमारे 400 ग्रॅमची उचल फुकटात मिळाली. त्या उचलीने तो आणखी वर जातो, दाब आणखी घटतो, हवा आणखी फुगते. पाच मीटरवर तीच हवा 4.73 लिटर असते आणि पृष्ठभागाशी 7.1. खाली सरकला तर सगळे उलट घडते: हवा आकसते, उचल कमी होते, तो आणखी खाली जातो. हा समतोल वाटीत ठेवलेल्या गोटीचा नाही, पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीचा आहे. गोटी जरा हलली की दूरच जाणार. निओप्रीनचे बुडबुडे हाच खेळ करतात, पण सूटमधली हवा ठरलेली असते. बीसीडीतली हवा तुम्ही लावलेल्या शिशाच्या प्रमाणात वाढते. शिसे जेवढे जास्त तेवढी पालथी वाटी निसरडी.

गंमत म्हणजे हा खेळ खोलवर सौम्य आणि उथळात उग्र असतो. 30 मीटरवरून 28 वर आलात तर दाब 4 वरून 3.8 होतो, हवा फक्त पाच टक्क्यांनी फुगते. 10 वरून 8 वर येताना ती अकरा टक्क्यांनी फुगते. ग्रँड आयलंडच्या आसपासच्या बहुतेक डुबक्या उथळच. "उथळ आहे, काळजी नको" असे सांगणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा.

मग बरोबर वजन किती? पाण्यात सरळ, स्थिर उभे राहा, जॅकेट रिकामे करा, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले आणि श्वास सोडताच तुम्ही खाली जाऊ लागलात, तर वजन जमले. त्यात एक पोटहिशेब आहे. 11 लिटरचा सिलिंडर 200 बारवरून (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण दाब) 50 वर येईतो 1,650 लिटर हवा संपते, आणि हवेला वजन असते: लिटरला 1.2 ग्रॅम, म्हणजे दोन किलो! (हवाच बरं का. वर्तमानपत्रे नेमाने "ऑक्सिजन सिलिंडर" छापतात. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरतो.) म्हणून भरलेल्या सिलिंडरने चाचणी घेतली तर वर दोन किलो वाढवायचे, नाहीतर शेवटी पृष्ठभागाच्या जरा खाली थांबायची वेळ येते तेव्हा तुम्ही बुचासारखे वर येता.

बेल्ट बांधण्यात फार शास्त्र नाही, पण शिस्त आहे. वजने दोन्ही बाजूंना सारखी हवीत, मणक्यावर नकोत. ती सरकू नयेत म्हणून पट्ट्याला पीळ द्यायचा किंवा क्लिप लावायच्या. घालताना मोकळे टोक उजव्या हातात धरायचे, म्हणजे बकल उजव्या हाताने उघडते. सगळेच असे बांधत असतील तर जोडीदारालाही ते अंधारात उघडता येते. उरलेले टोक खोचायचे नाही. आणि बेल्ट सगळ्या पट्ट्यांच्या वर हवा. मी एकदा तो जॅकेटच्या पट्ट्याखाली बांधला होता. सरावात बकल उघडले आणि बेल्ट मांड्यांपाशी अडकून बसला. अडकलेला बेल्ट सुटलेला नसतो. खाली गेल्यावर सूट दबून बेल्ट सैल होतो आणि बकल फिरून पाठीकडे जाते, म्हणून तळाशी पोचलात की हाताने चाचपून तो पुन्हा आवळायचा.

सोडायचा कधी? पृष्ठभागावर धाप लागली, जॅकेट फुगत नाही, लाट तोंडावर येते आहे, तर आधी बेल्ट. बकल उघडा, बेल्ट अंगापासून दूर धरा, मग सोडा. सहा किलोचा बेल्ट गेला की साडेपाच किलोची उचल मिळते, आणि माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते! म्हणजे पट्टा खाली, डोके वर. तरीही अपघातांची छाननी करणाऱ्यांना मृतांच्या कमरेला बेल्ट तसाच सापडतो, पुन्हा पुन्हा. दर्याने ओढून नेले, असे आपण म्हणतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जरूर द्यावा, मीही देतो, पण त्याला कोणाला ओढायचे नसते. खोलवर मात्र बेल्ट सोडणे हा अगदी शेवटचा उपाय. साडेपाच किलोची उचल तुम्हाला सुसाट वर नेते आणि छातीत श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुसातली हवाही बॉइलचेच ऐकते.

"पोहता येत नाही तरी चालेल" अशा पाट्या लावणाऱ्यांनी निदान बकल कुठे आहे तेवढे दाखवावे. भाचीला मी होडीतच डोळे मिटून पाच वेळा ते उघडायला लावले. काका हसत होते.

वर आल्यावर बेल्ट होडीत द्यायचा तो मोकळ्या टोकाला धरून, म्हणजे खालच्या बाजूला बकल येते आणि वजने तिथे अडतात. हे सगळे भाचीला समजावता समजावता मी माझा बेल्ट बकल धरून वर केला. दोन वजने घसरली आणि डुबुक करून गेली. ती दोन्ही अजून तिथेच असतील.