बोटीसाठी कॅमेरा आणि मॉनिटर: पैसे मोजण्याआधी दहा मिनिटं

आमचं मूळ काम रस्त्यावरचं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, हार्वेस्टर, शाळेच्या बसगाड्या, टँकर यांना मागचा कॅमेरा बसवून द्यायचा. पण सोलापूरला समुद्र नसला तरी उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि यशवंतसागराचा, म्हणजे धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा माढा-करमाळ्यापासून पार भिगवणपर्यंत पसरला. या काठावरून त्या काठाला माणसं आणि मोटारसायकली नेणाऱ्या बोटी, हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला पाहुणे फिरवणाऱ्या बोटी, मासेमारीच्या होड्या, अशी मंडळी आता आमच्याकडे येतात आणि बहुतेक तेच चार-पाच प्रश्न विचारतात. गिऱ्हाइकानं घरी नेऊन निवांत वाचावं म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आधी बोटीत बसा

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा, की तुम्हाला दिसत काय नाही? नेहमीच्या जागेवर बसा. बोट नेहमीसारखी भरलेली असू द्या, रिकामी नको. रिकाम्या बोटीत सगळं छान दिसतं. पुढे दोन मोटारसायकली उभ्या केल्या, त्यांच्यापुढे चार माणसं उभी राहिली, की धक्का दिसेनासा होतो. कुणाला पुढचं दिसत नाही. कुणाला मागे इंजिनापाशी काय चाललंय ते कळत नाही: पंख्यात जलपर्णी अडकली, जाळ्याची दोरी गुंडाळली, की एखादं पोर कडेला वाकून पाण्यात हात घालतंय.

जे एक ठिकाण सगळ्यात जास्त त्रास देतं, तिथं एक कॅमेरा लावा. दुसरा लागला तर पुढच्या हंगामात बघू. चार कॅमेरे आणि चार भागांत चिरलेला पडदा घेतलेल्या लोकांनी नंतर एकच चित्र मोठं करून ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे.

आणि वल्ह्यानं चालणाऱ्या छोट्या होडीला कॅमेरा नको. मान वळवली की सगळं दिसतं. तेवढ्या पैशात लाइफ जॅकेट घ्या. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. असल्या वाऱ्यापुढे कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. ज्या बोटीत माणशी एक जॅकेट नाही, तिच्या मालकाला आम्ही कॅमेऱ्याआधी तेच सांगतो. धंदा गेला तरी चालेल.

पाण्याखालचं दिसेल का?

नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून वेगळा घेतला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती, झाडांचे बुंधे वर येऊ लागतात. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण जे हातभर पाण्याखालीच राहतं तेच बोटीचा तळ फाडतं. वर लावलेल्या कॅमेऱ्याला ते दिसत नाही. पाण्यात सोडायचा कॅमेरा घेतला तरी उजनीच्या हिरव्या पाण्यात तो फार लांबचं दाखवणार नाही. खोली मोजायला आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र लागतं, त्याला फिश फाइंडर म्हणतात. ते वेगळं काम आहे, वेगळा खर्च आहे आणि आम्ही ते विकत नाही.

वायर की वाय-फाय

वायर. वाय-फायचा कॅमेरा बसवायला सोपा आणि मोबाइलवर दिसतो, म्हणून मोह होतो. पण त्याचं चित्र थोडं मागून येतं. पोपटांचा थवा बघायला ते चालेल, धक्क्याला बोट लावताना नाही. वर उन्हात मोबाइल तापतो, मध्येच फोन येतो, आणि पत्र्याच्या बोटीत सिग्नल अडतो. घरच्या सीसीटीव्हीचा जुना सेट बोटीवर चढवायचा विचारही बरेच जण करतात. त्यातला साधा हार्ड डिस्कचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, इंजिनाच्या थरथरीत फार दिवस काढत नाही. रेकॉर्डिंग हवंच असेल तर मेमरी कार्डावर चालणारा, गाड्यांसाठीचा डीव्हीआर घ्या.

आम्ही सुचवतो तो ट्रक-बसला बसतो तसला जाड चार पिनांचा, आटे फिरवून घट्ट होणारा वायरवाला सेट. त्यात एकाच केबलमधून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला करंटही मॉनिटरकडूनच जातो. म्हणजे बोटीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी वीज न्यायला नको. कारचा स्वस्त सेट पिवळ्या गोल पिनेचा असतो. ती पिन नुसती खुपसलेली असते, थरथरीनं सैल होते आणि ओल धरते.

घेताना एक बघा: कॅमेरा आणि मॉनिटर एकमेकांना ओळखतात का. कॅमेरा एएचडी (नव्या, जास्त स्पष्ट चित्राच्या पद्धतीचा) आणि मॉनिटर जुन्या पद्धतीचा असेल तर पडदा काळा राहतो किंवा चित्र पट्ट्या पट्ट्यांचं होतं. दोन दुकानांतून दोन वस्तू घेऊन आलेले लोक ‘कॅमेरा खराब निघाला’ म्हणून येतात. कॅमेरा चांगलाच असतो.

उजवं-डावं: आमची स्वतःची चूक

गाडीचा मागचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं करून दाखवतो. ते बरोबरच आहे, कारण तुमचं तोंड पुढे असतं आणि कॅमेऱ्याचं मागे. पण तोच कॅमेरा बोटीच्या पुढच्या टोकाला लावला की उजवीकडचं डावीकडे दिसतं.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या एका बोटीवर घाईघाईत पुढे मागचाच कॅमेरा बसवून दिला. दुकानात टेबलावर चित्र झकास होतं. धक्क्याजवळ जाताना पुढे मोटारसायकली असल्यानं चालकानं पडद्याकडे बघितलं, खांब डावीकडे दिसला, म्हणून बोट उजवीकडे घेतली. खांब उजवीकडेच होता. वेग कमी होता आणि कडेला जुने टायर बांधले होते, म्हणून नुसता दणका बसला. चालकानं आम्हाला जे ऐकवलं ते इथं छापता येत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही ते स्वखर्चानं दुरुस्त केलं.

दुरुस्ती तशी दोन मिनिटांची. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या शेपटीला एक छोटा वायरचा फास असतो; तो कापला की चित्र सुलटं होतं. दुसरा फास असेल तर तो पार्किंगच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेघांचा. पाण्यावर त्या रेघांना अर्थ नाही, त्याही काढून टाका. कुठला फास कशाचा, ते मात्र कागद वाचूनच कापा.

बसवल्यावर परीक्षा अशी घ्या. कॅमेऱ्यासमोर एका माणसाला बोटीच्या उजव्या कडेला हात वर करून उभं करा. तुम्ही तुमच्या जागेवर, तोंड पुढे करून बसा. माणूस पडद्यावरही उजवीकडेच दिसला पाहिजे. कॅमेरा पुढचा असो वा मागचा, नियम हाच.

सोलापूरचं ऊन आणि पडदा

खरे पैसे इथं घाला. साधा सात इंची मॉनिटर साधारण २५०-३०० निट्स उजेडाचा असतो (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप). दुकानात तो डोळे दिपवतो आणि मे महिन्याच्या दुपारी पाण्यावर नेला की त्यात फक्त तुमचं तोंड दिसतं. पाण्यावर ऊन वरूनही येतं आणि खालूनही. उघड्या बोटीसाठी ८०० ते १००० निट्सचा पडदा बघा. छप्पर असलेल्या बोटीत त्याहून कमी चालतो. पडद्यावर काळी टोपी हवीच. एका गिऱ्हाइकानं टोपीऐवजी आपल्या सोलापुरी टॉवेलची घडी वर खिळवली होती आणि खरं सांगायचं तर ती आमच्या प्लॅस्टिकच्या टोपीपेक्षा बरी चालली.

आकड्यावर विश्वास ठेवू नका, आमच्याही नाही. खोक्यावर काहीही छापता येतं. दुपारी बाराला या, मॉनिटर लांब वायरवर चालू करून दुकानाबाहेर उन्हात धरू. तुमचा नेहमीचा गॉगल घेऊन या. पोलराइज्ड गॉगल असला तर काही पडदे विशिष्ट कोनातून काळे दिसतात. तो कोन तुमच्या बसण्याच्या जागेवर आला तर सगळा खटाटोप वाया.

रात्री उलट त्रास. भगभगीत पडद्याकडे बघितलेल्या डोळ्याला अंधारातला काठ दिसत नाही. डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. उजेड अगदी मंद करता येतो की नाही, हे विकत घेतानाच बटण दाबून बघा.

कॅमेरा कुठला, कुठं

१७० अंशांचा कॅमेरा सगळं दाखवतो, पण लांबचं मुंगीएवढं. धक्का आहे त्यापेक्षा दूर वाटतो. पुढे बघायला ९० ते १२० अंश पुरे. इंजिन आणि मागची कड जवळूनच बघायची असते, तिथं रुंद कॅमेरा ठीक.

आयपी ६७ म्हणजे धूळ शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आयपी ६९के म्हणजे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यालाही टिकतो. बोटीला ६७ च्या खाली नको. पण पाणी बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून शिरतच नाही, जोडातून शिरतं. जोड सुक्या जागी घ्या, त्यावर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, आणि जोडाच्या आधी वायरला खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथं टपकेल, पिनेत जाणार नाही.

रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. ते दहा-पंधरा मीटरच्या आतच कामाचे. समोर बोटीचा पांढरा कठडा आला तर तो उजेड परत कॅमेऱ्यातच येतो आणि चित्र दुधाळ होतं. म्हणून कॅमेरा कठड्याच्या बाहेर काढा. मागचा पांढरा दिवा भिंगावर पडणार नाही, हेही बघा.

भोकं पाडताना एकच सांगणं: पाण्याच्या रेषेखाली ड्रिल लावू नका. केबल वरच्या कडेच्या आतून न्या.

बॅटरी

सात इंची उजळ मॉनिटर आणि एक कॅमेरा मिळून बारा व्होल्टवर साधारण एक अँपिअर खातात. दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच लहान इंजिनांना बॅटरी चार्ज करायची सोय नसते. तिथं वेगळी सीलबंद बॅटरी लागते. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणून ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर साडेतीन तास धरा, २६ एएचवर तेरा. दुकानदार सात आणि सव्वीस सांगतील. पहिल्या दिवशी ते खरंही ठरेल.

इंजिनावरून चार्ज होत असेल तर मॉनिटर १० ते ३२ व्होल्ट चालणारा घ्या. काही लहान इंजिनांचं चार्जिंग पंधराच्या वर उसळतं आणि साध्या बारा व्होल्टच्या मॉनिटरचा जीव घेतं. स्टार्टर मारल्यावर पडदा क्षणभर विझून परत आला तर घाबरू नका, व्होल्टेज दबतं तेवढ्यापुरतं.

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज. हे आमच्याकडून बसवा किंवा स्वतः बसवा, पण बसवा. फ्यूज मॉनिटरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, आणि पेट्रोलचा कॅन नेमका तिच्याच शेजारी असतो. गाडीचा मॉनिटर रिव्हर्स गिअरच्या वायरवर लागतो. बोटीत ती वायर नाही, तेव्हा सतत चालू राहणारा मॉनिटर आणि वेगळा स्विच.

नंतर

भिंगावर पाणी वाळून पांढरे डाग पडतात. व्हिनेगरचा थेंब पाण्यात टाकून मऊ कापडानं पुसा, राख किंवा घासणी लावू नका. कोळी-किड्यांना कॅमेऱ्याचा खोपा फार आवडतो. सकाळी चित्रात धुकं दिसलं तर आधी जाळं बघा. भिंगाच्या आतून वाफ धरली असेल तर मात्र उघडू नका, घेऊन या. उघडलेल्या कॅमेऱ्याला आमची वॉरंटी नाही.

दुकानात येताना तीन गोष्टी आणा. तुमच्या जागेवर बसून मोबाइलवर काढलेला, भरलेल्या बोटीचा फोटो. बॅटरीवरच्या लेबलचा फोटो. आणि केबलची लांबी नजरेनं सांगू नका: मॉनिटरच्या जागेपासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत, जिथून केबल जाणार त्याच कडेनं सुतळी लावा, मीटरभर जास्त सोडून कापा आणि ती गुंडाळून खिशात घालून या.