द्वेषवाचक इंग्रजी शब्द

पराकोटीचा द्वेष सांगणारे इंग्रजी शब्द. हेट, लोद, ॲभॉर, डिटेस्ट, डिस्पाइज, ॲबॉमिनेट हे त्यांतले नेहमीचे. मुंबईच्या बोलण्यात मात्र एकट्या ‘हेट’वर सगळ्यांचे भागते आणि तेही फार स्वस्त झाले आहे. ‘आय हेट मंडे’ म्हणणाऱ्याला सोमवारचा कंटाळा आलेला असतो, इतकेच.

हेट आणि लोद हे जर्मानिक कुळातले, जुन्या इंग्रजीपासून चालत आलेले. लोदमध्ये किळस अधिक.

बाकीचे लॅटिनमधून आले आणि खरी गंमत त्यांच्यात आहे. ॲभॉरच्या मुळाशी ‘होरेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ अंगावर काटा येणे, शहारून मागे सरणे. हॉरर त्याचाच भाऊ. संस्कृतातला ‘हृष्’ धातूही याच कुळातला. म्हणजे आपला ‘रोमहर्ष’ आणि हा तिटकारा एकाच घरचे. लॅटिनमध्ये केस भीतीने उभे राहिले, संस्कृतात आनंदानेही.

डिटेस्टमध्ये ‘टेस्टिस’, म्हणजे साक्षीदार, लपला आहे. देवाला साक्षी ठेवून शाप देणे हा मूळ अर्थ. प्रोटेस्ट आणि टेस्टामेंट हे शब्दही साक्षीशीच जोडलेले. ॲबॉमिनेट म्हणजे अपशकुन समजून झिडकारणे. मध्ययुगात त्याचा संबंध चुकून ‘माणसाला न शोभणारे’ या अर्थाशी लावला गेला आणि ‘ॲबॉमिनेबल’च्या स्पेलिंगमध्ये एक फुकटचा ‘एच’ घुसला. डिस्पाइज म्हणजे वरून खाली पाहणे. ‘तुच्छ लेखणे’ त्याला चपखल बसते.

इतर शब्दांना मराठी जोड शोधणे तितके सोपे नाही. हा खटाटोप जुना आहे; मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश मुंबईत १८४७ साली छापला गेला. पण आपल्या शब्दांनाही आपापला इतिहास आहे. ‘तिरस्कार’चा मूळ अर्थ बाजूला सारणे, दृष्टीआड करणे. ‘घृणा’ संस्कृतात किळस आहे, तशी दयाही.

याच गोतावळ्यात एक अनपेक्षित नातलग सापडतो: ‘ॲनॉय’. लॅटिनमधल्या ‘इन ओडिओ’, म्हणजे ‘द्वेषास पात्र’, या प्रयोगापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. वाटेत धार बोथट होऊन नुसता वैताग उरला. ‘तो माझ्या डोक्यात जातो’ या वाक्याला इंग्रजीत हाच शब्द जवळचा.