स्कूटरचा फुटबोर्ड

मोटारसायकल आणि स्कूटर यांत फरक काय, असे विचारले की बहुतेक जण गिअर, इंजिन, चाकांचा आकार सांगू लागतात. माझ्या मते खरा फरक पायाशी आहे. मोटारसायकलवर टांग टाकून बसायचे, स्कूटरवर पाय ठेवायला सपाट फळी, म्हणजेच फुटबोर्ड असतो. स्कूटरच्या शंभराहून अधिक वर्षांच्या प्रवासात इंजिन इकडून तिकडे गेले, गिअर आले आणि गेले, आता पेट्रोलही चालले आहे. फळी मात्र सुटलेली नाही.

सुरुवात पोरांच्या खेळापासून झाली. एक फळी, खाली चाके, पुढे धरायला दांडा. एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमिनीला रेटा. पुढे 1920-30 च्या काळातही अमेरिकेत मुले लाकडी खोक्याला जुन्या रोलर स्केटची चाके ठोकून अशा गाड्या बनवत. आपल्याकडच्या बेअरिंगच्या गाड्याची ही सख्खी भावंडेच म्हणायची.

त्याच फळीला इंजिन बसवून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत 1915 साली ‘ऑटोपेड’ निघाली. इंजिन थेट पुढच्या चाकावर, बसायला सीटच नाही. उभ्याने चालवायची. दांडा पुढे ढकलला की क्लच लागून गाडी चालू लागे, मागे ओढला की क्लच सुटून ब्रेक लागे. लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या फ्लोरेन्स नॉर्मन यांचा ऑटोपेडवरचा 1916 चा फोटो प्रसिद्ध आहे: लांब कोट, डोक्यावर हॅट आणि उभ्याने कामाला निघालेल्या बाई. लांब झग्यात मोटारसायकल चालवणे अवघड, फळीवर उभे राहणे सोपे. ही गाडी फार चालली नाही, 1921 च्या सुमारास कारखाना बंद पडला.

आपण जिला स्कूटर म्हणतो ती इटलीतली. पिसाजवळच्या पोंतेदेरा गावात पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमाने बांधायची सोय उरली नाही, रस्त्यांची दुर्दशा झालेली आणि लोकांना कामावर पोचायला स्वस्त वाहन हवे होते. कंपनीने आधी ‘पापेरिनो’ नावाचा नमुना केला. डोनाल्ड डकचे हे इटालियन नाव. मालक एन्रिको पियाजिओंना तो पसंत पडला नाही. मग काम आले कोरादिनो दास्कानिओ यांच्याकडे.

हे गृहस्थ हेलिकॉप्टर बनवणारे, आणि मोटारसायकलचा त्यांना मनापासून तिटकारा! घाणेरडी, तेलकट, पंक्चर काढायला त्रासदायक असे त्यांचे मत. मग त्यांनी एकेक तक्रार निकालात काढली. इंजिन मागच्या चाकालगत नेले, साखळीच काढून टाकली, म्हणजे कपड्यांना वंगण लागायला नको. गिअर डाव्या मुठीत आणला. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणजे चटकन काढता येईल. चिखल उडू नये म्हणून समोर पत्रा उभा केला, आणि पत्रा व सीट यांच्यामध्ये सपाट, मोकळी जागा सोडली. 23 एप्रिल 1946 रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. इंजिन 98 सीसीचे. बारीक कंबर आणि इंजिनाची गुणगुण यावरून नाव पडले ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानमधून इनोचेंती कंपनीची लँब्रेटा आली.

भारतात दोन्ही पोचल्या. लँब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने जुळवली. व्हेस्पा बजाजने आधी आयात केली, मग पियाजिओशी करार करून इथेच बनवू लागले आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. 1971 साली करार संपला, 1972 मध्ये त्याच वळणाची ‘चेतक’ आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, अंगकाठी इटालियन. मागणी प्रचंड होती, पण किती गाड्या बनवायच्या याचा परवाना सरकारच्या हाती. त्यामुळे नंबर लावून आठ-दहा वर्षे वाट पाहणारी माणसे होती. परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना भाव आला. पुढे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ आली, तरी रांग फारशी हटली नाही.

आणि मग ती मोकळी जागा. दास्कानिओंनी ती झग्या-पँटींचा विचार करून ठेवली असेल. आपण तिच्यावर संसार लादला. दोन पायांच्या मध्ये गॅसचा सिलिंडर, रविवारी मंडईची पिशवी, दिवाळीत फराळाचे डबे. थोरला पोरगा तिथेच उभा, हँडलचा मधला भाग धरून, नाकाला वारा झोंबतोय. मागे आई एका अंगाला बसलेली, मांडीवर धाकटी. सकाळी गाडी एका बाजूला कलती करायची, चोक ओढायचा आणि किक मारत सुटायचे. नाहीच चालू झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा.

1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की चालू, गिअर नाही. किक आणि क्लच गेले, तशा स्कूटर चालवणाऱ्या बायका वाढल्या. पण नव्वदीत जास्त अॅव्हरेज देणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी बाजी मारली आणि 2009 मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच थांबवले. तोवर होंडाची अॅक्टिव्हा घरोघर पोचली होती, अर्थात फुटबोर्डासकट.

जानेवारी 2020 मध्ये पुणे आणि बंगळूरमध्ये चेतक परत विक्रीला आली, विजेवर चालणारी. 2022 मध्ये ती बनवायला पुन्हा आकुर्डीतच कारखाना सुरू झाला. डिसेंबर 2024 च्या नव्या मॉडेलमध्ये बॅटरी सीटखालून काढून फुटबोर्डाच्या खाली बसवली, त्यामुळे डिकी 35 लिटरची झाली. सिलिंडर जिथे उभा राहायचा, त्याच्याच खाली आता बॅटरी आहे.