‘सार्वजनिक’ माहिती: डेटा-नीतीच्या वर्गातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

सोशल इन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे संगणक आणि समाज यांच्या संबंधांचा अभ्यास, हे नाव अमेरिकेत 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळलं. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाला या विषयाचं पदवी शिक्षण त्याआधीच सुरू झालं होतं. संगणक आल्यावर कचेरीतलं काम आणि अधिकार कसे बदलतात, हा त्या पिढीचा मुख्य प्रश्न होता. माहिती वापरण्यातली नीती तेव्हा एका कोपऱ्यात होती. ती मधोमध आली ती प्रामुख्याने 2008 नंतर.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका संशोधक गटाने सुमारे 1,700 विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलची माहिती इतर अभ्यासकांसाठी खुली केली. हे सगळे एकाच विद्यापीठाच्या एकाच तुकडीतले होते. नावं काढलेली होती, संशोधनाची तपासणी करणाऱ्या नीती समितीची मंजुरी होती, विद्यापीठाचं नावही झाकलेलं होतं. तरी ते विद्यापीठ कोणतं हे काही दिवसांतच ओळखलं गेलं, आणि त्यासाठी मूळ माहिती उघडावीसुद्धा लागली नाही. सोबतच्या कोडबुकमधली, म्हणजे माहितीतल्या नोंदींचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेतली, अभ्यासविषयांची यादी आणि तुकडीची संख्या एवढं पुरलं. काही राज्यांतून आणि देशांतून आलेला विद्यार्थी एकेकटाच होता. अशाचं नाव काढून काय साधतं?

संशोधकांच्या बाजूने मुद्दा मांडला गेला तो असा, की ही माहिती फेसबुकवर होतीच. मला तो पटत नाही. प्रोफाइल गोळा करणारे मदतनीस त्याच विद्यापीठातले होते, त्यामुळे फक्त आवारातल्यांसाठी ठेवलेली माहितीही त्यांना दिसू शकत होती. ती जगासाठी ठेवलेली नव्हती.

मराठीत शिकवताना इथे शब्दच आडवा येतो. सार्वजनिक नळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणेशोत्सव: आपल्याकडे या शब्दात सगळ्यांचा हक्क गृहीत असतो. त्यामुळे ‘सार्वजनिक माहिती’ म्हटलं की ती कुणीही न्यावी, कशीही वापरावी, असा अर्थ आपोआप चिकटतो. प्रत्यक्षात ती फक्त दिसणारी माहिती असते. ओट्यावर बसून बोललेलं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर पडतं, म्हणून कुणी ते वहीत उतरवून तालुकाभर वाटत नाही. मी स्वतः ‘उघड दिसणारी माहिती’ असं म्हणतो. जरा लांबट आहे, पण त्यात मालकी शिरत नाही.

पुढच्या घटनांनी हाच गुंता वाढवला. जानेवारी 2012 मध्ये आठवडाभर 6,89,003 फेसबुक वापरकर्त्यांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण कमी करून पाहिलं गेलं. जून 2014 मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा गदारोळ झाला. ज्या विद्यापीठातले संशोधक त्यात सहभागी होते त्याचं म्हणणं होतं, की प्रयोग कंपनीने केला, आमच्या लोकांनी माहिती गोळा केली नाही, म्हणून समितीच्या तपासणीची गरज नव्हती. नियतकालिकाने पुढच्या महिन्यात चिंता व्यक्त करणारी संपादकीय टीप छापली, निबंध मात्र मागे घेतला नाही. 2016 मध्ये डेन्मार्कमधून एका डेटिंग संकेतस्थळावरच्या जवळपास 70,000 लोकांची माहिती खुली केली गेली. समर्थनाला पुन्हा तेच वाक्य, ती आधीच सार्वजनिक आहे. जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या सुधारित संशोधन-नियमांनीही सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीच्या दुय्यम वापराला, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी गोळा झालेली माहिती वापरण्याला, तपासणीतून सवलतीच्या यादीत कायम ठेवलं.

भारतात ऑगस्ट 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने ‘स्वतः’ सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. हा ‘स्वतः’ मोलाचा आहे. आवारापुरती ठेवलेली प्रोफाइल त्यात सहज बसणार नाहीत. पण त्याच कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी वेगळी सूटही आहे. त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत, एवढी तिची अट आहे. संमती घेतलीच पाहिजे, असं ती सूट म्हणत नाही.