पाय उचलला की पेडल वर आलंच पाहिजे

अॅक्सिलरेटर पेडलमध्ये दोष निघाला म्हणून बस परत बोलावल्या जातात, तेव्हा बातमी चार ओळींत संपते. अमुक मॉडेल, तमुक वर्ष, पेडल अडकण्याची शक्यता, दुरुस्ती मोफत. यातला ‘मोफत’ हा शब्द सहज आलेला नाही.

अमेरिकेत 1966 साली वाहन सुरक्षा कायदा झाला. दोष सापडला तर कंपनीने मालकाला कळवायचं, एवढं बंधन त्यातून आलं. खर्च कुणाचा, यावर कायदा गप्प होता. मग 1971 मध्ये जनरल मोटर्सला शेवरोलेच्या तब्बल 67 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंजिन ज्या माउंटिंगवर बसतं, ते तुटायचं. जोर लागताच इंजिन एका अंगाने उचललं जायचं आणि जाता जाता अॅक्सिलरेटरची जोडणीही ओढायचं. चालकाने पाय काढून घेतलेला, आणि गाडी मात्र जोरात! अखेर 1974 च्या सुधारणेने दुरुस्तीचा खर्च कंपन्यांवर टाकला. त्या सुधारणा कायद्याच्या नावातच ‘स्कूलबस’ हा शब्द आहे, कारण शाळेच्या बसची आसनं, छत आणि सांधे यांची मानकंही त्यानेच आणली.

पेडलसाठी वेगळं मानक 1973 पासून लागू झालं. त्याचा गाभा साधा आहे: पाय उचलला की इंजिन आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता चालतं त्या मंद गतीवर, आलं पाहिजे, आणि एक स्प्रिंग तुटली तरी दुसरीने ते काम केलं पाहिजे. हलक्या गाड्यांना त्यासाठी एक सेकंद मिळतो, 4,536 किलोंपेक्षा जड वाहनांना दोन. कडाक्याच्या थंडीत मुदत तीन सेकंदांची. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी बस दोन सेकंदांत 33 मीटर पुढे जाते. मला ही सवलत आजही मोठी वाटते.

पुढे डिझेल इंजिनं इलेक्ट्रॉनिक झाली आणि पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल गेली. आता पेडल किती दाबलंय हे मोजणारा सेन्सर असतो, आणि जड वाहनांत बहुधा एक वेगळा स्विचही, जो पेडल खरंच पूर्ण सुटलंय का हे ताडून पाहतो. दोघांचं जुळलं नाही तर इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे कंट्रोलर, सावध होतो. पण पेडलच खाली अडकलं, तर सेन्सर आणि स्विच दोघंही एकच सांगतात: पेडल दाबलेलं आहे. ते खरंच असतं. पाय तिथे नाही, हे त्यांना कळायला मार्ग नाही. बसमध्ये पेडल अनेकदा खाली जमिनीलाच बिजागरीने बसवलेलं असतं. बुटांची माती, खडे, ओल, सगळं तिथेच साचतं.

केबल गेल्याने आणखी एक गोष्ट घडली. केबलमुळे पायाला जो विरोध जाणवायचा तो नाहीसा झाला, म्हणून तो पेडलमध्ये मुद्दाम घडवावा लागला. टोयोटाने जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या, त्या याच भागापायी. घर्षण देणारा तुकडा झिजला, त्यावर दमटपणा धरला की पेडल हळू वर यायचं किंवा अर्ध्यावर राहायचं. उपाय म्हणून पेडलमध्ये पोलादाची एक छोटी पट्टी बसवली. संशय इलेक्ट्रॉनिक्सवरही होता. ‘नासा’च्या अभियंत्यांनी तेही तपासलं, पण 2011 च्या अहवालात तसं कारण सापडलं नाही.

दोष दरवेळी यंत्राचाच असतो असंही नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 2009 मध्ये जड वाहनांच्या अशा काही अपघातांचा अभ्यास केला, त्यात शाळेच्या बसही होत्या. चालकाला वाटत होतं आपण ब्रेक दाबतोय, पाय होता अॅक्सिलरेटरवर. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडूच नये अशी सोय नव्या जड वाहनांत करा, अशी शिफारस तेव्हा झाली. मोटारींमध्ये ती सोय आधीच रुळली होती.

मात्र पेडल अडकलेलं असो वा पाय चुकलेला, दोन्ही वेळा चालक एकच सांगतो, ‘मी ब्रेक दाबला, तरी बस पळाली.’ म्हणून त्याला दोषी ठरवण्याआधी पेडल उघडून पाहायला हवं.

रिकॉलचं पत्र नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर जातं. बसच्या बाबतीत तो पत्ता म्हणजे एखादं कार्यालय. ज्याच्या बुटाखाली ते पेडल रोज असतं, त्याला ते पत्र वेगळं दाखवावं लागतं.