शाळेची घंटा आणि किल्ल्यावरचे हळीव

३१ ऑक्टोबर १९८४ हा दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो, असे मी कित्येक वर्षे सांगत आलो. सदाशिव पेठेतील आमच्या शाळेत सातवीच्या वर्गावर गणिताचा तास चालू होता, शिपाई नोटीस घेऊन आला, ती वाचता वाचता बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, अवेळी घंटा झाली आणि लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने धडाधड बंद होताना पाहत आम्ही घरी आलो. इंदिरा गांधींच्या हत्येचा विषय निघाला की ही हकीकत मी सांगत असे आणि ऐकणारेही मग आपापली सांगत. गेल्या वर्षी थोरल्या भावाने मला मध्येच थांबवले. “त्या दिवशी शाळा कुठली? दिवाळीची सुट्टी होती. तू वाड्याच्या चौकात किल्ल्याशी बसला होतास.” मी इरेला पेटून त्या वर्षीचे पंचांग शोधले. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, म्हणजे हत्येचा बुधवार सुट्टीच्या ऐन मध्यावर येत होता. शिवाय हल्ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाला असला, तरी निधनाची अधिकृत घोषणा आकाशवाणीने संध्याकाळी केली होती, तेव्हा नोटीस घेऊन येणारा तो शिपाई दोन्ही बाजूंनी अडचणीत सापडला.

बाईंचा चष्मा मी कल्पनेने रचला, असे मला वाटत नाही. सुट्टी संपल्यावर शाळेत शोकसभा झाली असणार आणि त्या दिवशीचे दृश्य बातमीच्या दिवसाला जाऊन चिकटले असणार. अशा चुकीला मानसशास्त्रात बऱ्यापैकी जुना इतिहास आहे. १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकी संशोधकांनी केनेडी यांच्या हत्येची बातमी कळली तो क्षण लोकांना किती बारकाव्यांसह आठवतो हे तपासले आणि अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ असे नाव दिले. जबर धक्का बसताच मेंदू जणू त्या क्षणाचे छायाचित्र टिपून ठेवतो, अशी त्यांची कल्पना होती. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांना ती पटली नाही, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी कानावर पडली, असे ते वर्षानुवर्षे धरून चालले होते. डिसेंबरात बेसबॉलचे सामने होतच नाहीत, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आले. पंचांग उघडेपर्यंत माझेही तेच झाले होते.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले, तेव्हा नायसर यांनी ही संधी साधली. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली, हे लिहून घेण्यात आले. सुमारे अडीच वर्षांनी निकोल हार्श यांच्यासह त्यांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची मुख्य उत्तरे पूर्णपणे चुकली होती आणि सर्व उत्तरे बरोबर असणारे केवळ तिघे निघाले. बातमी प्रथम दूरचित्रवाणीवरून कळली असे सुरुवातीला सुमारे एकपंचमांश विद्यार्थ्यांनी लिहिले होते; अडीच वर्षांनी तसे सांगणारे जवळजवळ निम्मे झाले होते. या सर्वांहून विलक्षण बाब अशी की, स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण कोणाला परत आली नाही.

मग भावनेचा जोर काहीच करत नाही काय? करतो, आणि त्याची यंत्रणाही पुष्कळशी उलगडली आहे. धक्का बसला की शरीरात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा संचार वाढतो, मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग उत्तेजित होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये होणारी घटनेची नोंद त्यामुळे पक्की होते. लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली काही लोकांना प्रोप्रॅनोलॉल हे ॲड्रेनॅलिनचा प्रभाव रोखणारे औषध देऊन एका मुलाच्या अपघाताची गोष्ट ऐकवली; एरवी अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा अधिक लक्षात राहतो, तो औषध घेतलेल्यांना तसा राहिला नाही. मात्र पक्का होतो तो घटनेचा गाभा. काय घडले हे मी विसरलो नव्हतो. कुठे, केव्हा आणि कोणाच्या तोंडून कळले हा काठ निसटला होता, आणि ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या प्रश्नात आपण नेमका तो काठच विचारतो.

राष्ट्रीय शोकांतिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. ती बहुतेकांच्या वाट्याला केवळ बातमी म्हणून येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ताली शारोत व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील रहिवाशांचे मेंदू तो दिवस आठवत असताना स्कॅन केले, तेव्हा अमिग्डलाची वाढलेली क्रिया मुख्यतः मनोऱ्यांच्या निकट असलेल्यांमध्ये दिसली. त्याच शहरात काही मैल दूर असलेल्यांमध्ये ती तितकीशी दिसली नाही. हत्या झाली त्या दिल्लीतील सफदरजंग रस्त्यापासून पुण्याचे अंतर लक्षात घेता, माझ्या अमिग्डलावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. माझी आठवण घडली ती मागाहून, बोलण्यातून.

या बोलण्याचाही अभ्यास झालेला आहे. १९८९ च्या कॅलिफोर्नियातील भूकंपानंतर जेम्स पेनेबेकर यांना असे आढळले की, पहिले दोन-तीन आठवडे लोक भेटेल त्याच्याशी त्याविषयी बोलतात, पुढे त्यांना स्वतःचे सांगायचे असते पण दुसऱ्याचे ऐकायचे नसते. ‘तुमचा भूकंपाचा अनुभव न सांगितल्याबद्दल आभारी आहोत’ अशा मजकुराचे टीशर्ट तिथे महिन्याभरात दिसू लागले होते. (पुणेरी पाटीची परंपरा इतक्या दूर पोहोचलेली पाहून अभिमान वाटतो.) याच सुमारास भांडणे आणि वाईट स्वप्ने वाढतात, असेही त्यांनी नोंदवले आहे. तथापि प्रत्येकाने बोलून मोकळे व्हावेच, हा आग्रह मात्र टिकत नाही: २००१ च्या हल्ल्यानंतर भावना व्यक्त न करणे ज्यांनी स्वतःहून पसंत केले, त्यांची प्रकृती पुढील दोन वर्षांत बोलणाऱ्यांपेक्षा बिघडली नाही, उलट काहीशी अधिक चांगली राहिली.

सांगण्याचा परिणाम स्मृतीवर कसा होतो, याचे चांगले उत्तर विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हल्ल्यानंतर दहा वर्षे केलेल्या पाठपुराव्यातून मिळते. विसरणे बहुतांशी पहिल्या वर्षातच घडले. त्यानंतर प्रत्येकाची हकीकत जवळपास गोठली आणि तिच्यात शिरलेल्या चुकाही तिच्याबरोबर गोठल्या. आपल्याकडे पानशेतच्या पुराच्या हकीकती ऐकताना मला हे नेहमी जाणवते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे निर्विवाद आहे. परंतु जुन्या पुणेकराला पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले हे विचारावे, तर तो दर वेळी त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून सांगतो, आणि त्याच घरातील दुसरा माणूस तितक्याच ठामपणे वेगळी पायरी दाखवतो. खात्री आणि अचूकपणा यांचा संबंध किती सैल असतो, हे जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांवर दाखवले आहे. २००१ च्या हल्ल्याची आठवण आणि त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या प्रसंगाची आठवण या दोन्ही सारख्याच वेगाने ढासळल्या. फरक एवढाच की साध्या प्रसंगाविषयीचा विश्वास कमी होत गेला, हल्ल्याविषयीचा झाला नाही.

पंचांगाने माझी बाजू पडली म्हणून भावाची आपोआप खरी ठरत नव्हती. किल्ल्यावर पेरलेले हळीव तेव्हा बोटभर वाढले होते, इथपर्यंत तो तपशील देत होता. शेवटी आम्ही वडिलांची हिशेबाची वही माळ्यावरून काढली. दिवसाचा खर्च ते त्याच रात्री लिहीत, त्यामुळे नायसर यांच्या कागदाच्या तोडीचा पुरावा आमच्या घरात तेवढाच होता. ३१ तारखेच्या पानावर दूध, रॉकेल आणि रेडिओचे सेल यांच्या रकमा आहेत आणि खाली एक ओळ: ‘इंदिराजी गेल्या. संध्याकाळी रेडिओवर सांगितले. दुकाने बंद.’ मुलांचा किंवा किल्ल्याचा त्यात उल्लेख नाही.