पाणी अडले, तेल कसे अडवायचे?

पोळपाट नवा आणला की आठवड्याभरातच त्यावर तेलाचा डाग दिसू लागतो. घासा, उन्हात ठेवा, तो हलत नाही, कारण तो आत मुरलेला असतो. लाकूड म्हणजे झाडाला पाणी पोचवणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी. झाड तोडले तरी नळ्या तशाच राहतात. त्यात लाकडातल्या सेल्युलोजवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि त्यांना पाण्याची भारी ओढ. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते ते त्यामुळेच.

पाण्याचा बंदोबस्त माणसाने फार पूर्वी केला. कोकणात होडीला मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावत. जपानात उरुशी झाडाच्या चिकाचे पातळ थर एकावर एक चढवून वाडगे टिकाऊ केले. काजू, उरुशी आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. तिघांचाही चीक किंवा तेल अंगावर उतते. त्यांतले मुख्य रेणूही सारख्याच घडणीचे: फिनॉलचे डोके आणि पंधरा-सतरा कार्बनची लांब शेपटी. उरुशीचा चीक सुकताना घट्ट होतो तो एका विकरामुळे (एन्झाइममुळे), हे हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये दाखवले. रसायनाचे नाव माहीत नसताना कारागिरांनी हे साधले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

विसाव्या शतकात दिशा बदलली. वरून थर देण्याऐवजी लाकडाचा पृष्ठभागच बदलायचा. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या विंटन पॅटनोड यांना १९४२ मध्ये मिळालेले पेटंट असेच होते: क्लोरोसिलेन या सिलिकॉन-क्लोरिनच्या संयुगाची वाफ लागली की वस्तूच्या पृष्ठभागाशी तिचा रासायनिक बंध जुळतो आणि पाणी झटकणारे मिथाइल गट बाहेर राहतात. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेत टारकोव आणि स्टॅम यांनी अॅसेटिक अॅनहायड्राइड वापरून हायड्रॉक्सिल गटच झाकले. असे लाकूड फारसे फुगत नाही, पण नळ्या उघड्याच राहतात, म्हणून थेंब आत जातोच.

तेलाची गोष्ट वेगळी. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल राखणारी ओढ, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा जेमतेम ३० ते ३५. थेंब गोल उभा राहायचा तर खालच्या पृष्ठभागाची ओढ त्याहून बरीच कमी हवी. मेण पाण्याला पुरते, तेलाला पुरत नाही. अळूच्या पानावर हे लगेच दिसते: पाणी मोत्यासारखे घरंगळते, पण तेलाचा थेंब टाका, तो पसरतो आणि तिथे पान गडद दिसू लागते. पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म खडबडीत हवा अडकलेली असते म्हणून पाणी वरच तरंगते. ही हवा थेंबाला कशी तोलून धरते, याचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडले. तेल मात्र त्या हवेची जागा घेते.

तेलावर उपाय म्हणून फ्लोरिन आले. १९५३ मध्ये थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लोरिनयुक्त रसायन एका बुटावर सांडले. पॅट्सी शर्मन यांच्या लक्षात आले की तेवढा भाग पाणीही धरत नाही, तेलही. त्यातून कापडासाठी स्कॉचगार्ड हे डागरोधक आले. पुढे लाकडावर सिलिकाचे अतिसूक्ष्म कण बसवून वर फ्लोरोसिलेन (फ्लोरिन असलेले सिलिकॉनचे संयुग) चढवण्याचे प्रयोग झाले आणि तेलाचे थेंबही उभे राहू लागले.

पण कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात सहज तुटत नाही. ही रसायने पाण्यात आणि रक्तात साठत गेली. त्यांतल्या पीएफओएस या रसायनावर २००९ मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, निर्बंध आले. अन्नाला लागणाऱ्या लाकडावर असले काही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक वेगळा मार्ग चाचपला जातो आहे. सिलिकोनच्या लवचीक साखळ्या पृष्ठभागावर एका टोकाने रोवायच्या. तेलाचा थेंब उभा राहत नाही, पण चिकटतही नाही, थोड्या उतारावर सरकून जातो. गुळगुळीत काचेवर हे छान जमते. लाकडावर मात्र आधी त्या नळ्यांची तोंडे बुजवावी लागतात.